वृद्ध मांजराचे खाणे आणि लघवी

वयाची १५ वर्षे ओलांडलेले मांजर घरात भलतीकडे लघवी करू लागले, की वाईट खोड समजून त्याला दटावले जाते. प्रत्यक्षात सांधेदुखीमुळे अनेकदा त्याला ट्रेची उंच कड ओलांडता येत नसते, किंवा मूत्रपिंडे दुबळी झाल्याने लघवी वारंवार होत असते. पुढची कड बुटकी असलेला ट्रे झोपण्याच्या जागेजवळ ठेवावा. पाणी मात्र कधीही तोडू नये. वास कमी येत असल्याने मांजर अन्न नाकारते. ते कोमट करून थोडे थोडे द्यावे. दात दुखत असल्यासही खाणे सुटते. पूर्ण एक दिवस अन्न न घेतल्यास पशुवैद्यकाकडे न्यावे. उपवास लांबला तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतते. दुखण्यावर घरातली पॅरासिटामॉल देणे तर मांजराला विष देण्यासारखेच आहे.