बी.एस्सी.नंतर धंद्याचं शिक्षण

‘बी.एस्सी. झालास आणि आता एम.बी.ए. करतोस? मग तीन वर्षांची केमिस्ट्री वायाच गेली की!’ सांगलीतल्या अनेक घरांत हा संवाद ऐकू येतो. या तक्रारीमागं थोडा इतिहास आहे.

सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय सुरू झालं १९१९ साली. वाणिज्य शिकवणारं चिंतामणराव महाविद्यालय आलं १९६० मध्ये. दोन्ही डेक्कन एज्युकेशन सोसायटीचीच. पण शास्त्राची इमारत वेगळी आणि व्यापाराची वेगळी. तीच भिंत हळूहळू आपल्या मनातही उभी राहिली.

व्यवहारात ती कधीच नव्हती. हरिपूरची पेवं आठवा. जमिनीखालच्या त्या कोठारांत हवा कमी, म्हणून कीड कमी. हळद दीर्घकाळ टिकायची आणि व्यापाऱ्याला चांगल्या भावाची वाट पाहता यायची. यात शास्त्र कुठलं आणि व्यापार कुठला, हे वेगळं काढून दाखवता येईल का? २००५ च्या महापुरात बरीच पेवं निकामी झाली, पण त्यांनी दिलेला धडा बुडालेला नाही.

दुसरा दाखला किर्लोस्करवाडीचा. १९१० साली ती वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी त्याआधी बेळगावात लोखंडी नांगर केले होते. लोखंडानं जमीन नासेल, या भीतीनं शेतकरी ते घेईनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. वस्तू उत्तम करणं ही एक विद्या आणि ती गिऱ्हाइकाच्या गळी उतरवणं ही दुसरी. लक्ष्मणराव ही दुसरी विद्या ठेचा खात शिकले. ती शिकवणारा वर्ग तेव्हा नव्हता.

तो वर्ग पुढं निघाला. अहमदाबाद आणि कोलकात्याच्या व्यवस्थापन संस्था १९६१ च्या, मुंबईची जमनालाल बजाज संस्था १९६५ ची. तिथं कोणत्याही शाखेच्या पदवीधराला दार उघडं होतं. पण सांगलीच्या मुलाला मुंबईचा खर्च झेपायला हवा ना! १९७६ मध्ये डॉ. ए. डी. शिंदे यांनी कोल्हापुरात ‘सायबर’ संस्था काढली आणि ही वाट एस.टी.च्या टप्प्यात आली. पुढं सांगली-साताऱ्यातही असे अभ्यासक्रम निघाले.

तेव्हा आईवडिलांनी एवढंच ध्यानात घ्यावं. हळदीतलं कुरकुमिन मोजणाऱ्याला तिचा भावही ठरवता आला, तर केमिस्ट्री वाया गेली असं कसं म्हणायचं? मुलांनी मात्र एक पथ्य पाळावं. नवी पदवी घेताना जुनी पुस्तकं रद्दीत घालू नयेत.