विहिरीवरील इंजिन आणि दोषनिदानाची मराठी

निफाड तालुक्यातील ओझर येथे 1964 मध्ये विमानांचा कारखाना स्थापन झाला. मिग विमानांचे सांगाडे ओझरला आणि त्यांची इंजिने कोरापुटला, अशी कामाची वाटणी होती. विमानाच्या प्रत्येक दोषाची लेखी नोंद ठेवणे हा त्या व्यवसायाचा नियमच होय. परंतु याच परिसरातील विहिरींवर चालणाऱ्या लहान डिझेल इंजिनांच्या वाट्यास असे दप्तर आले नाही. त्यांचे दोषनिदान बोलण्यातच राहिले. हे बोलणे इतिहासाचे साधन ठरू शकते काय, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

पुण्यास 1946 मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. तत्पूर्वीच साताऱ्याच्या कूपर कारखान्यात डिझेल इंजिने तयार होऊ लागली होती. इंजिन आले, मोट मागे पडली. नाडा, सोंदूर, थारोळे हे शब्द मावळले. पिस्टन, नोझल, रिंग हे रूढ झाले. केवळ नामे पाहिली तर परंपरा तुटली असेच म्हणावे लागेल.

क्रियापदे मात्र निराळी साक्ष देतात. ‘इंजिनाने हवा घेतली’ म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली. अशा वेळी इंजिन अडखळून बंद पडते. नळीवरील स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे लागते. ‘इंजिन ऑइल खाते’ असे म्हटले की धूर निळसर आहे व बहुधा रिंगा झिजल्या आहेत, असे समजावे. ‘इंजिन ओढत नाही’ आणि धूर काळा, तर हवेची जाळी तुंबलेली, नोझल बिघडलेले किंवा भार अधिक झालेला. हँडल फिरविताना हलके लागले, तर आत दाब टिकत नाही. दोष व्हॉल्व्हमध्ये अथवा रिंगांमध्ये शोधावयाचा. एकेका वाक्यात लक्षण आणि कारण अशी दोन्ही सामावलेली आहेत.

घेणे, खाणे, ओढणे ही क्रियापदे मोटेच्या बैलालाही लागू पडतात. म्हणून ती बैलावरूनच इंजिनाकडे आली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. कारण हिंदीतही गाडी तेल ‘खाते’. निश्चितपणे एवढेच म्हणता येते की, परक्या यंत्राची नामे मराठीने उसनी घेतली, पण त्याचे दुखणे आपल्याच क्रियापदांनी सांगितले.

आपल्या परिभाषाकोशांचा भर नामांवर असतो. त्यामुळे ‘पिस्टन’ला पर्याय सुचविले जातात, आणि ‘हवा घेतली’ हे कोशाबाहेर राहते. विजेच्या मोटारींनी विहिरींवरील इंजिनांची जागा बव्हंशी घेतली आहे. धुराचा रंग पाहून आणि आवाज ऐकून निदान करणारे कारागीर उतारवयास लागले आहेत. त्यांची वाक्ये लक्षण, कारण व उपाय यांसह टिपून घेणे हे आपल्या विभागाचे तातडीचे काम आहे. नामे कारखान्यांच्या माहितीपुस्तिकांत सापडतील. ही वाक्ये तेथे सापडणार नाहीत.