बट्टा लागणे : वर्धेच्या दोन तीरांवरचा रुपया

१/५ ‘नावाला बट्टा लागला’ म्हणताना आज कलंक अभिप्रेत असतो. मूळ अर्थ मात्र सराफाच्या पेढीवरचा. नाणे बदलून घेताना त्याच्या दर्शनी किमतीतून होणारी कपात म्हणजे बट्टा.

२/५ टांकसाळी अनेक, चांदीचा कस निराळा, त्यात वापराने नाणे झिजे. सराफ ते पारखून कपात ठरवी.

३/५ वर्धा नदीच्या एका तीरावर निजामाच्या राज्यातला राजुरा, दुसऱ्या तीरावर इंग्रजी अमलातला चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर व गडचिरोली. अलीकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार. विसाव्या शतकात ७ हाली रुपयांचे ६ कलदार होत.

४/५ हा नुसता दोन चलनांच्या मूल्यातला फरक. तो तोटा नव्हे. तोटा होता तो त्यावर सराफ कापून घेई त्या बट्ट्याचा. ज्याला दर ठाऊक नाही, त्याला आपले किती कापले गेले हेही कळणे कठीण.

५/५ १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, पुढच्या दशकात हाली चलनही संपले. बट्टा भाषेत उरला. पुऱ्या किमतीला न चालणारे नाणे आणि पुऱ्या विश्वासाला न उतरणारे नाव, दोहोंसाठी मराठीने एकच शब्द राखला.