भरती दुपारी ३.५० ला

२६ जुलै २००५, मंगळवार. सकाळी ८.३०

हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठला सुरू होतो. सांताक्रूझच्या पर्जन्यमापकात नवा हिशेब सुरू झाला तेव्हा आभाळ नेहमीच्या जुलैसारखंच होतं. शाळा भरल्या, लोकल खचाखच भरून दक्षिणेकडे गेल्या. जोराच्या पावसाचा इशारा होता, पण जुलैमध्ये तो असतोच. तासातासाला ढगांचा अंदाज देणारं डॉप्लर रडार मुंबईत तेव्हा बसलेलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र आधीपासून ठाऊक होती. त्या दिवशी दुपारी ३.५० ला ४.४८ मीटरची भरती येणार होती.

दुपारी २.००

उपनगरांवर अंधारून आलं. कुलाब्यात फारसं काही नव्हतं. चोवीस तास संपले तेव्हा तिथे जेमतेम ७४ मिमी पावसाची नोंद झाली. एकाच शहराच्या दोन टोकांचं हे अंतर मंत्रालयाजवळच्या अनेकांना संध्याकाळपर्यंत कळलंच नाही.

दुपारी २.३०

सरी थांबेनात. तिथून पुढच्या चार-साडेचार तासांत त्या चोवीस तासांतला निम्म्याच्या आसपास पाऊस पडला. मुंबईची पर्जन्यजलवाहिन्यांची जुनी व्यवस्था तासाला २५ मिमी पावसासाठी, तीही ओहोटी असेल तर, बांधलेली. ही क्षमता ५० मिमीवर न्यावी, असं सांगणारा 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल १९९३ पासून महापालिकेकडे होता. पण क्षमता दुप्पट झाली असती तरी त्या दुपारचं पाणी तिच्यात मावलं नसतं, हेही इथेच सांगितलं पाहिजे. एवढं पाणी कुठलंच गटार वाहून नेत नाही. त्याला काही तास थांबायला जागा लागते.

ती जागा पूर्वी होती.

विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यांतून निघणारी मिठी नदी जवळपास १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते. शेवटच्या टप्प्यात तिला दोन्ही बाजूंनी खाजण होतं: चिखल, तिवरं, भरतीला बुडणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी सपाट जमीन. डोंगराकडून लोंढा आला की नदी या खाजणावर पसरायची. तिवरांच्या मुळांमधून जाताना पाण्याचा वेग मोडायचा, गाळ तिथेच बसायचा. भरती उतरली की पसरलेलं पाणी समुद्राकडे निघायचं.

या रचनेचं आणखी एक काम होतं, आणि भराव घालणाऱ्यांनी ते कधी हिशेबात धरलं नाही. खाजणावर रोज दोनदा चढणारं भरतीचं पाणी ओहोटीला जोरानं परत फिरतं आणि जाताना खाडीचं मुख खरवडून साफ ठेवतं. खाजण बुजवलं की आत येणारं पाणी कमी होतं, परत जाणाऱ्या पाण्याचा जोर घटतो, आणि मुखाशी गाळ साचून खाडी उथळ होत जाते. म्हणजे एक एकर भराव घातला की एक एकर जागा तर जातेच, शिवाय उरलेल्या खाडीची ताकदही जाते. नंतर कितीही गाळ उपसा, तो पुन्हा येतो, कारण त्याला ढकलणारं पाणीच उरलेलं नसतं. कोळ्यांना हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. होडी कुठे टेकायला लागली, त्यावरून त्यांना ते कळतं.

मिठीच्या खाजणावर भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. वर विमानतळाशी नदीला काटकोनांत वळवून धावपट्टीखालून नेलं. मध्ये कारखाने, गोदामं, वस्त्या काठावर सरकत आल्या. वस्त्यांवर बोट ठेवणं सोपं असतं, पण मिठीच्या तोंडाची सगळ्यात मोठी जागा सरकारी नियोजनानं घेतली, झोपड्यांनी नाही.

दुपारी ३.५०

भरती पूर्ण. शहराच्या १८६ जलमुखांपैकी समुद्राचं पाणी अडवायला दारं होती फक्त तीन ठिकाणी. बाकीच्या ठिकाणी पाणी उलटं आत शिरू लागलं. मिठीत वरून डोंगराचं पाणी आणि खालून माहीमची खाडी. दोघांच्या मधे कुर्ला, कलिना, बैलबाजार, धारावी.

दुपारी ४.३०

लोकल ठप्प झाल्या. विमानतळ बंद पडला. रस्त्यांवर गाड्या जागच्या जागी बुडू लागल्या. खिडक्यांच्या काचा न उघडल्यानं काहीजण गाडीतच गुदमरले. साकीनाक्याला दरड वस्तीवर कोसळली आणि सत्तरच्या आसपास माणसं गाडली गेली.

संध्याकाळी ७.००

ओहोटी चालू होती, तरी पाणी उतरेना. अनेक तासांचा पाऊस एका अरुंद तोंडातून बाहेर पडायचा होता आणि वरून भर पडतच होती. मोबाइल बंद पडले, उपनगरांत वीज तोडली गेली. लोक एकमेकांचे हात धरून कमरेइतक्या पाण्यातून चालत घराकडे निघाले. अनोळखी घरांनी दारं उघडून चहा, बिस्किटं, कोरडे कपडे दिले. ते सारं खरं आहे, आणि त्याचं मोल मोठं आहे. पण त्या रात्री चाळीच्या तळमजल्यावर पोर कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बाईसाठी शहराचा धीर हा पाणी जायच्या वाटेला पर्याय नव्हता.

मध्यरात्रीनंतर

दुसरी भरती चढू लागली.

२७ जुलै, सकाळी ८.३०

सांताक्रूझची नोंद: ९४४ मिमी. महाराष्ट्रात त्या पुरानं हजाराहून जास्त माणसं नेली, एकट्या मुंबईत चारशेच्या वर. पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिस आला आणि मृत्यू वाढतच राहिले.

त्यानंतर

६ ऑक्टोबर २००५ ला मुंबई उच्च न्यायालयानं राज्यभरातली तिवरांची तोड थांबवली. २०१२ मध्ये राज्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. २०१८ मध्ये न्यायालयानं तिवरांचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला. हे पहारेकऱ्याचं काम आहे आणि ते मनापासून मानायला हवं. मिठीचं मात्र काय केलं? नदी रुंद केली, खोल केली, आणि दोन्ही काठांना काँक्रीटच्या भिंती बांधल्या. रुंदी हवीच होती. भिंतीनं मात्र नदी आणि तिचं उरलंसुरलं खाजण यांची कायमची ताटातूट होते. तिवरांना रोज खारं पाणी लागतं. ते तोडलं की कुऱ्हाड न लावताही ती वाळतात. बदल्यात दुसरीकडे रोपं लावल्यानं या नदीच्या पाण्याला जागा मिळत नाही. पाणी जिथे येतं, जागा तिथेच लागते.

मुंबईच्या पूर्वेला अशी जागा अजून शिल्लक आहे: कांजूर, भांडुप, मुलुंडची मिठागरं. उपनगरांचं पाणी ठाणे खाडीत उतरण्याआधी ज्या सखल जमिनीवर पसरू शकतं, ती हीच. २०२४ मध्ये त्यातली २५५ एकरांहून जास्त जमीन धारावी पुनर्वसनाच्या घरांसाठी देण्याचं ठरलं. धारावीच्या माणसाला पक्कं घर मिळालंच पाहिजे. २००५ ला मिठीचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, त्यांतलेच हे लोक. त्यांनाच उचलून दुसऱ्या खाडीच्या पाण्याच्या जागेवर नेऊन ठेवायचं, ही योजना मला कोणत्याही हिशेबानं मान्य होत नाही.