सोलेदाद मिरांडा: तिच्या स्वतःच्या नावानं

साल 1969. तुम्ही बार्सिलोनात ‘काउंट ड्रॅक्युला’च्या सेटवर उभे आहात. धुराचं यंत्र सुरू झालंय. ड्रॅक्युला झालेले क्रिस्टोफर ली तयार आहेत. बाजूला कातालान दिग्दर्शक पेरे पोर्ताबेला हे शूटिंगच कृष्णधवल फिल्मवर टिपून घेतोय. त्यातून त्याचा ‘कुआदेकुक, वाम्पिर’ तयार होणार आहे. लूसीचं काम करणाऱ्या तरुणीकडे बघा. सेव्हिलची सोलेदाद मिरांडा, वय 26. फ्लामेंको नाचणारी मुलगी ती. तिनं नुसती मान वळवली तरी त्यात ताल असतो.

आता 1970, इस्तंबूल. दिग्दर्शक जेस फ्रँको ‘व्हॅम्पायरोस लेस्बोस’ चित्रित करतोय. पैसा बेताचा, झूम मात्र सढळ हातानं. सोलेदाद झालीय काउंटेस नदीन, भर उन्हात पहुडणारी रक्तपिपासू. अंगावर कपडे असोत-नसोत, तुमचं लक्ष जातं तिच्या डोळ्यांकडे. त्यांत भूक आहे आणि त्याहून खोल एकटेपण. संवाद तिला फारसे लागतच नाहीत. ‘शी किल्ड इन एक्स्टसी’मध्ये याच डोळ्यांनी ती नवऱ्याच्या मृत्यूला जबाबदार असलेल्या डॉक्टरांना एकेक करून गाठते.

पण श्रेयनामावली वाचा. तिथे नाव आहे सुझॅन कोर्डा. मायदेशी, स्पेनमध्ये, जनरल फ्रँकोची हुकूमशाही आणि कडक सेन्सॉर. असल्या चित्रपटांत खरं नाव लावणं तिला परवडणारं नाही.

18 ऑगस्ट 1970. लिस्बनजवळचा रस्ता. नवऱ्याबरोबर मोटारीतून जाताना अपघात होतो आणि सोलेदाद जाते. वय 27.

जुलै 1971. पश्चिम जर्मनीत ‘व्हॅम्पायरोस लेस्बोस’ झळकतो. प्रेक्षक पडद्यावर जिला बघतायत, ती जाऊन जवळजवळ वर्ष झालंय.

थेट 1995 मध्ये या. मानफ्रेड ह्युब्लर आणि झीगफ्रीड श्वाब यांचं त्या चित्रपटांतलं संगीत सीडीवर येतं आणि नवी पिढी त्यावर फिदा होते. दोन वर्षांनी त्यातला एक तुकडा टॅरंटिनोच्या ‘जॅकी ब्राउन’मध्येही वाजतो. संगीताचा माग काढत लोक सोलेदादपर्यंत पोहोचतात.

‘कामुक भयपट’ एवढा शिक्का मारून तिचं काम बाजूला सारणं अन्यायाचं आहे. तुटपुंज्या साधनांच्या, घाईत उरकलेल्या चित्रपटांना तिनं स्वतःच्या बळावर जिवंत माणसाचं दुःख दिलं. हा अभिनय होता, अव्वल दर्जाचा. त्याचं श्रेय सोलेदाद मिरांडा याच नावावर जमा झालं पाहिजे.