चेहरा व जबड्याचा जंतुसंसर्ग : कारणे आणि उपचार

छत्तीसगडमधील पोलादनगरी भिलाई येथे सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्र तसेच दंतवैद्यक महाविद्यालय अशा उपचारांच्या सोयी आहेत. तरीही दाढदुखी अंगावर काढण्याची सवय अनेकांना जडलेली असते. चेहऱ्यावरील गंभीर जंतुसंसर्गाचा उगम बहुधा या दुर्लक्षित दाढेतच असतो.

किडलेल्या दातातून जंतू मुळाशी पोहोचतात व तेथे पू साठतो. हा पू हाड भेदून गालात, जबड्याखाली किंवा मानेत उतरतो. हिरड्यांचे विकार, अर्धवट उगवलेली अक्कलदाढ व जबड्याचे अस्थिभंग हीही कारणे आहेत. अनियंत्रित मधुमेहामुळे धोका वाढतो. छत्तीसगडमध्ये दातांना चोळला जाणारा तंबाखूयुक्त गुडाखू हिरड्यांना अपायकारक ठरतो.

खालच्या दाढांचा संसर्ग जिभेखाली दोन्ही बाजूंना पसरल्यास श्वासमार्ग बंद होऊ शकतो. जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ मध्ये या विकाराचे वर्णन केले. नाक व वरच्या ओठाभोवतालचा संसर्ग क्वचित शिरांवाटे मेंदूपर्यंत जातो. म्हणूनच तेथील पुटकुळी फोडू नये.

उपचारात श्वासमार्ग सुरक्षित राखणे, पुवाचा निचरा करणे आणि मूळ कारण दूर करणे यांना प्राधान्य असते. त्यासाठी दातावर रूट कॅनाल उपचार करतात किंवा तो काढून टाकतात. प्रतिजैविके साहाय्यक असतात. साठलेला पू केवळ गोळ्यांनी जात नाही. वेदनाशामकाने कळ थांबली तरी आतील संसर्ग वाढतच राहतो. जबड्याच्या हाडात तो मुरल्यास मृत झालेला भाग शस्त्रक्रियेने काढावा लागतो.

२०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाने देशभर अनेकांचे वरचे जबडे व डोळे बाधित झाले. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना या रोगाची नोंद बंधनकारक करण्यास सांगितले. छत्तीसगडमधील रुग्णांवर रायपूरच्या एम्समध्येही उपचार झाले. अॅम्फोटेरिसिन-बी हे औषध, शस्त्रक्रिया व रक्तशर्करेवर नियंत्रण ही त्याच्या उपचाराची त्रिसूत्री आहे.

ताप, वाढती सूज, तोंड न उघडणे, गिळताना वा श्वास घेताना त्रास यांपैकी कोणतेही लक्षण दिसताच रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.