लाख, कुरुंद आणि शिकलगार

उमरगे तालुक्यातील मुरुम हे गाव ज्या काळ्या अग्निजन्य खडकाच्या प्रदेशात वसले आहे, त्या खडकाने मराठवाड्याला गढ्यांचे चिरे दिले, जाती दिली, पाटे-वरवंटे दिले; परंतु पोलादाच्या पात्याला आरशासारखी झळाळी आणील असा दगड काही दिला नाही. बेसाल्टमधील खनिजांचे काठिण्य मोहसच्या मापनश्रेणीत पाच-सहाच्या आसपास भरते आणि उत्तम पाणी दिलेले पोलादही तेथवर सहज पोहोचते. त्यामुळे ओढ्याकाठच्या धोंड्यावर विळा-खुरप्याचे काम भागत असले, तरी तलवार किंवा वस्तरा त्यावर घासणे म्हणजे तुल्यबळ मल्लांची कुस्ती लावण्यासारखे होय. याच खडकाच्या पोकळ्यांत सापडणारी गारगोटी सातावर असते खरी, पण तिच्याही वर, हिऱ्याच्या खालोखाल, नवव्या पायरीवर बसणारा कुरुंद हवा असेल, तर दक्षिणेस म्हैसूर-सेलमकडे, पूर्वेस खम्ममच्या बाजूस, नाहीतर भंडाऱ्याकडे पाहावे लागे.

कुरुंदाचा खडा कठीण असतो, पण त्याची एकसंध, सपाट आणि मोठी शिळा सहसा लाभत नाही. जुन्या कारागिरांनी यावर शोधलेला तोडगा माझ्या मते या साऱ्या विद्येचा प्राण आहे: कण कोठून आला यापेक्षा तो कशावर बसविला, यावर धारेचा कस ठरतो. खडा कुटून, चाळून त्याची पूड करावयाची. लाख विस्तवावर पातळ करून तीत ती पूड कालवावयाची. गोळा गरम आहे तोवर मळून, दाबून त्याची जाड चकती थापावयाची आणि मध्ये आसासाठी भोक ठेवावयाचे. निवल्यावर ही चकती दगडासारखी टणक होई. मात्र लाखेचे बंधन किंचित मऊ असल्यामुळे बोथट झालेले कण आपोआप गळून खालचे ताजे कण उघडे पडत. आसाभोवती चामड्याची वादी गुंडाळून एकाने ती आळीपाळीने दोहो बाजूंनी ओढावी आणि दुसऱ्याने फिरत्या चकतीवर पाते हलक्या हाताने टेकवावे, असा हा दोघांचा व्यवसाय असे.

झळाळीसाठी भरड पूड उपयोगी नाही. ती घोटलेल्या पात्यावरही ओरखडे उमटविते. बारीक कण निवडण्याची जुनी रीत पाण्याची: पूड पाण्यात ढवळावी, जाड कण तळाशी बसू द्यावे, वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावे आणि ते निवळेपर्यंत स्वस्थ बसावे. कणाचा व्यास निम्मा झाला की त्याला तळ गाठण्यास चौपट वेळ लागतो, हे स्टोक्सने १८५१ साली गणिताने मांडले. अशी निथळलेली पूड तेलात कालवून लाकडावर किंवा चामड्यावर चोळली, की तिचे कण त्या मऊ पृष्ठात अर्धेमुर्धे रुततात आणि पोलाद खरवडण्याऐवजी घोटतात. केरळातील ताडी काढणारे लोक गारगोटीची पूड लाकडी फळीवर पसरून सुरी परजतात, तेही याच तत्त्वावर.

मुरुमच्या परिसरात या विद्येला मोठा आश्रय असावा तो नळदुर्गच्या किल्ल्यामुळे. १६१३ साली दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत बांधलेल्या पाणीमहालाकडे आज लोक कौतुकाने पाहतात. पण किल्ला म्हटला की शिलेखाना, म्हणजे शस्त्रागार, आला, आणि शिलेखाना आला की गंजत्या पात्यांची शिकल, म्हणजे घासून झळाळी, करणारा शिकलगारही आलाच. शिवकालीन राज्यव्यवहारकोशात शस्त्रांसाठी स्वतंत्र वर्ग योजावा लागला, यावरून या खात्याचा पसारा ध्यानात यावा. नांदेडच्या हुजूरसाहेब गुरुद्वाऱ्यात दिवाळीच्या सुमारास होणाऱ्या तख्तस्नानात जुनी शस्त्रे उतरवून स्वच्छ करण्याचा प्रघात तर आजही चालू आहे.

१८५३ साली नळदुर्गचा मुलूख निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलाखाली गेला, मेडोज टेलर तेथे कारभारी म्हणून राहिला, आणि १८६० साली तो मुलूख निजामाकडे परत आला. तोवर तलवारीचे दिवस सरत आले होते. शेजारच्या सोलापुरासारख्या इंग्रजी जिल्ह्यांत १८७८ च्या शस्त्रकायद्याने उरलेसुरले कामही आटविले. शिलेखान्यातून बाहेर पडलेल्या या कसबाला अडकित्ते, कात्र्या आणि विळ्या यांवर समाधान मानावे लागले. बलुतेदारांपैकी न्हाव्याच्या धोकटीत मात्र दगड आणि चामड्याचा पट्टा ही जोडी टिकून राहिली, कारण गालावर फिरणाऱ्या वस्तऱ्याला दगडावरचा ओरखडा क्षम्य नसतो.

युरोपीय विद्वानांना कुरुंदाचे कुतूहल होतेच. चार्ल्स ग्रेव्हिलने १७९८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध मांडला. पण लाखेच्या चकतीला खरा प्रतिस्पर्धी भेटला तो १८९१ साली, अमेरिकेत ॲचिसनने विजेच्या भट्टीत कार्बोरंडम हा कृत्रिम घर्षक बनविला तेव्हा. १९५४ साली मद्रासेत कार्बोरंडम युनिव्हर्सल कंपनी स्थापन झाली आणि भट्टीत भाजलेल्या चिनी मातीसारख्या बंधनाची, उन्हाने न मऊ होणारी चाके देशातच तयार होऊ लागली. ऊसतोडीच्या कोयत्याला तर हंगामात कानसही पुरते. धार लावणाऱ्याचे चाक सायकलच्या साखळीवर चढले, वादी ओढणारा दुसरा माणूस या धंद्यातून गळाला, आणि केशकर्तनालयात अर्धे मोडलेले पाते वापरून टाकण्याची रीत रुळल्यावर पट्टाही भिंतीवरून उतरला.